दिनानाथचा शेल

११ नोव्हेंबर, सोमवार
पळस्पे फाट्यावरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रुजू झालो. मोरा बंदराची मासळी इथे गोठवून ठेवतात. चारही खोल्यांची दारं लिनक्सवर चालणाऱ्या एका मशिनवरून, म्हणजे कॉम्प्युटरवरून, उघडतात; आजपासून ते माझ्या ताब्यात. कॉलेजचं तोंड न पाहता, नुसती मॅन्युअलं वाचून शिकलो, हे मालकांना मुद्दाम सांगितलं. गोदाम सांभाळणारे हाफिजभाई म्हणाले, चला, डिग्रीवाले बघितले, आता अक्कलवाला बघू. चहा उत्तम.

१२ नोव्हेंबर
लॉगिन केल्यावर जो प्रोग्रॅम समोर येतो आणि हुकूम घेतो, तो शेल. इथला शेल माझ्या आधीच्या दिनानाथने स्वतः लिहिलेला. दारांचे हुकूम त्यातूनच जातात. काम चोख, पण खुलाशाची एक ओळ नाही. दिनानाथ मार्चमध्ये याच खुर्चीत गेला. मशिनवर लॉगिन असलेल्यांच्या यादीत मात्र तो अजून आत आहे. हाफिजभाई म्हणाले, असू दे की आनंदाभाऊ, दारं उघडतायत ना? मला असलं चालत नाही.

१४ नोव्हेंबर
त्याचं सेशन, म्हणजे चालू लॉगिन, मारलं. आठ सेकंदांत परत. खातंच पुसलं. परत. नेटवर्कची केबल उपटली. तरी यादीत.

१५ नोव्हेंबर, सकाळी १०.४०
सगळ्या खात्यांना मी लिहिलेला शेल लावला. शेल बदलताना जुन्या लॉगिनची एक खिडकी उघडी ठेवायची, नव्याने आत जाता येतंय हे पाहून मगच ती मिटायची. हा नियम मीच लोकांना शिकवतो. आज पाळला नाही. माझ्या हातचं चुकत नाही म्हणून.

१०.५५
लॉगिन होतं आणि लगेच बाहेर फेकतं. रूटला, म्हणजे मुख्य खात्यालासुद्धा. हाफिजभाई चार नंबरच्या खोलीत गेलेत, दार मिटलंय. उणे अठरा. आतली मूठ महिनाभर तुटलेली. पहार लावली. वीज तोडली. कुलूप तसंच. अग्निशमनवाले हायवेवर अडकलेत.

११.१५
रेस्क्यू पेनड्राइव्हवरून, आतली डिस्क न वापरता, मशीन चालू केलं. समोर तोच लॉगिन. कसं शक्य आहे? इंटरकॉमवर हाफिजभाई म्हणाले, अल्लाकसम भाऊ, पाय कळत नाहीत. फिजाला, माझ्या पोरीला, फोन लाव.

११.२५
एकच खातं लगेच बाहेर फेकत नाही. दिनानाथचं. पुसलेलं. पासवर्ड मागत नाही. विचारतं, तू कोण? आनंदा लिहिलं. बाहेर. परत आनंदा. बाहेर.
इंटरकॉम गप्प.

११.३१
लिहिलं, मी दिनानाथ.
दार उघडलं. हाफिजभाई जिवंत! भिंत धरून आले, उंबऱ्यावर थबकले. हात दिला तर मागे सरकले. पुन्हा त्या गारठ्यात. म्हणाले, दिनूशेठ, तुम्हाला तर मी खांदा दिलाय...
अहो, मी — मी तर —
दार मिटलं. ते आतच.

११.३४
मशीन पुन्हा विचारतंय, तू कोण. दिनानाथ लिहिलं. बाहेर. आता ते नावही घेत नाही. आनंदाही नाही. मग मी —