चांगल्या भिंतीवरची पट्टी

बाई, तुमच्या खोलीत स्टोव्हवर मैद्याची खळ शिजायची, तो पिठूळ वास मला अजून येतो. बोईसरच्या आत, आमच्या गावात, तुम्ही घाटावरून शिकवायला आला होतात आणि शाळेला लागून असलेल्या खोलीत एकट्या राहत होतात. साठ सालानंतरची ती वर्षं. किनाऱ्याला मोठं वीजकेंद्र उभं राहत होतं, जिकडेतिकडे रस्ते होत होते, आणि खडीसाठी शाळेमागच्या टेकडीला दुपारी सुरुंग लागायचे. आधी शिट्टी, मग सगळं गप्प, मग तो दणका. कौलांतून माती आमच्या पाट्यांवर पडते. आम्ही तिसरीची मुलं एकमेकांना धरून बसतो. आणि तुम्ही म्हणता, "घाबरून झालं असेल तर आता बघा. कुठं काय बदललं?"

पश्चिमेच्या भिंतीतली चीर आधी मलाच दिसली. ती कशामुळे पडली हे तुम्ही सांगितलं नाहीत. तुमची रीतच तशी होती, आधी बघायचं, नाव मागाहून. पुस्तक मिटून तुम्ही आम्हाला पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या कापायला लावल्या आणि खळीनं चिरेवर आडव्या चिकटवायला सांगितल्या. भिंत हलली तर कागद फाटेल. पहिली पट्टी फाटली तेव्हा दांडी गावाहून मामाकडे शिकायला राहिलेली माझी मैत्रीण म्हणाली, "बाई, वाऱ्यानं फाटली आसंल." तुम्ही खूश झालात. "असेल. पण वाऱ्यानंच फाटली हे कसं कळेल?" मग तीच म्हणाली, "चांगल्या भितीवर पन एक लावू." लावली. ती शाबूत राहिली, आणि चिरेवरच्या एकेक करून फाटत गेल्या. कळण्यात नेहमी आनंदच असतो असं नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. रात्री अंथरुणात मला ती भिंत दिसायची.

तालुक्याहून साहेब तपासणीला आले. पट्ट्या बघून म्हणाले, "हे काय, पतंगाचं दुकान?" मला उभं करून त्यांनी वनस्पतीचे अवयव विचारले. मला येईनात. "मग वर्षभर शिकलीस काय?"

"साहेब, ती भित पडनार हाय."

साहेब तुमच्याकडे वळले. "बाई, मुलांच्या मनात भीती भरायची, याला विज्ञान म्हणत नाहीत. तिसरीचा अभ्यासक्रम ठरलेला आहे. तो तुम्ही आखायचा नाही." तुम्ही मान खाली घालून "हो साहेब" म्हणालात. मला तुमचा फार राग आला. दुसऱ्या दिवशी पट्ट्या खरवडून भिंतीला चुना मारला गेला आणि चीर दिसेनाशी झाली. त्याच दिवशी तुम्ही आम्हाला बाहेर चिंचेखाली बसवलंत. "वनस्पतीचे अवयव झाडाखाली शिकायचे," म्हणालात. मग गणितही तिथंच, वाचनही तिथंच. पुन्हा तुम्ही आम्हाला आत नेलं नाहीत.

वर्ग रिकामा दिसला म्हणून गावानं तो बाहेरून आलेल्या मजुरांना राहायला दिला. तुम्ही मला बरोबर घेऊन तिकडे गेलात. एका मजुराची बायको दारात कणीक मळत होती. तुमच्या मोडक्या हिंदीत तुम्ही तिला म्हणालात, "यहाँ मत रहो, दीवार गिरेगी." तिनं ओल्या हातानं चुन्यावर थाप मारली आणि हसली. "अभी तो पुताई हुई है, बहनजी. और जाएँ कहाँ?" तिथून तुम्ही तशाच सरपंचांकडे गेलात. ते म्हणाले, "तुमची पोरं भायेर हायत ना? मंग तुमाला काय?"

त्या दुपारी आम्ही पाढे म्हणत होतो. शिट्टी झाली, दणका झाला, आणि त्यामागून आणखी एक, बसका आवाज. शाळेवर धूळ उठली. पुरुषमाणसं कामावर होती. कणीक मळणारी ती मजुराची बायको तापानं आत निजून होती. तिला भिंतीखालून बाहेर काढत होते तेव्हा तुम्ही आम्हाला झाडाच्या बुंध्याकडे तोंड करून बसवलंत. "बघू नका," म्हणालात. तुमच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. संध्याकाळी मी तुमच्या खोलीत डोकावले. तुम्ही दिवा न लावता बसला होतात. "मी खोली रिकामी केली, म्हणून ती आत आली," एवढंच म्हणालात, तेही माझ्याशी नव्हे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही घाटावर गेलात त्या परत आला नाहीत. तुम्ही वारल्याचं मला फार वर्षांनी कळलं.

आता मी शिक्षकांना शिकवते. लहान मुलांना विज्ञान कसं शिकवावं, त्याचा अभ्यासक्रम कसा आखावा, यावर बोलायला मला बोलावतात, आणि मी दरवेळी तुमची गोष्ट सांगते. चांगल्या भिंतीवरही पट्टी लावली, हे ऐकून तरुण शिक्षक खूश होतात. चिंचेखालच्या वर्गाला टाळ्या पडतात. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते, बाई: मी तिथंच थांबते. भिंतीखाली गेलेल्या त्या मजुराच्या बायकोबद्दल आजवर कुणाशी बोलले नाही. कोणी विचारलंच की पुढं भिंतीचं काय झालं, तर सांगते, पडली, पण आमच्यापैकी कुणाला लागलं नाही.