कारवीवाडीच्या गेटासाठी दोन मिनिटं

४ जून, दुपारी ३

निवडून आलो. अठ्ठावीस वर्षं फौज, चौदा वर्षं 'अष्टेकर सिक्युरिटी' आणि आता बेळगावातून लोकसभा. गुलालात उभा असताना छातीत धडधड झाली, ती डीजेमुळे.

प्रचारात मी एकही भाषण केलं नाही. जीपवर उभं राहून फक्त सॅल्यूट. भाषणं पीए जिनेंद्र करायचा. मूळचा निपाणीचा, दोन्ही भाषा तोंडात. कंग्राळीत मराठी, गोकाककडं कन्नड. लोक म्हणाले, माणूस कमी बोलतो, म्हणजे खरा आहे. ही माझी स्ट्रॅटेजी होती. माईकशी तिचा काही संबंध नाही.

९ जून

कारवीवाडीला सत्कार. राजाबाई आक्का, माझी थोरली बहीण, तिथं दिलेली आहे. गावात जायला एकच रस्ता आणि त्यावर रेल्वे गेट. तिथं नोटीस लागली आहे: १५ ऑगस्टपासून गेट कायमचं बंद. मग दवाखाना, शाळा, बाजार, सगळ्याला अकरा किलोमीटरचा वळसा. रुळाखालून भुयारी रस्ता करायचं ठरलं, तरच तो होईपर्यंत गेट चालू राहील.

आक्का सगळ्यांसमोर म्हणाली, माझा भाऊ दिल्लीत उभा ऱ्हाऊन बोलंल, दोन मिन्टाचं तर काम हाय, व्हय न्हवं रं म्हादू? टाळ्या पडल्या. मी सॅल्यूट केला. नंतर पाणी प्यायला घेतलं तर तांब्या हातातून निसटला. तांब्या ओला होता.

२४ जून

शपथ झाली. पंधरा दिवस दोन फोन सारखे चालू होते. मराठीवाल्यांचा भरमू म्हणायचा, मराठीत शपथ घेतली न्हाईस तर गल्लीत पाय ठेवू नगंस. कन्नड संघटनेचा यल्लाप्पाही तेच म्हणायचा, कन्नडबद्दल. फक्त आधी 'अण्णा' लावायचा. त्याचीच जास्त भीती, म्हणजे काळजी, वाटायची.

मी हिंदीत घेतली. फौजेची भाषा. दोघेही चिडले. म्हणजे समतोल साधला. शपथ वाचताना मान वर केली नाही. त्यामुळे सभागृह कसं आहे ते अजून पाहिलेलं नाही.

३० जून

भरमू आणि यल्लाप्पा दोघंही जाब विचारायला बेळगावच्या घरी आले, नेमके एकाच वेळी. मला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची पाहणी करायची होती. सव्वा तास केली.

बायकोनं, मंगलनं, त्यांना चहा दिला. ती सांगते, दोघं एकाच शाळेतले निघाले, शिवाय यल्लाप्पाची भाची भरमूच्या चुलतभावाला दिलेली. हसत बसले. जाताना एका गोष्टीवर एकमत झालं, की चूक खासदाराची आहे. मंगल जिन्यातून ओरडली, गेले हो, सोडा आता ती टाकी. बायकांना पाणीपुरवठ्याचं गांभीर्य नसतं.

२२ जुलै

अधिवेशन सुरू. मागच्या रांगेत जागा मिळाली, पुढं एक आडदांड खासदार. त्यांच्यामुळे मला अध्यक्ष दिसत नाहीत, म्हणजे अध्यक्षांना मी दिसत नाही. उत्तम पोझिशन. पहिला आठवडा रेकी करायची असं ठरवलं आहे.

पुढचे खासदार तीन वाजता घरी गेले. मी पण लगेच निघालो.

२५ जुलै

जिनेंद्रनं समजावलं. शून्य प्रहरात बोलायचं तर सकाळी दहाच्या आत नोटीस द्यायची. चिठ्ठ्या निघतात. नाव आलं तर साधारण दोन मिनिटं मिळतात. कारवीवाडीला तेवढी पुरे.

आज नोटीस द्यायचीच असं ठरवून उठलो. बूट पॉलिश केले. दोन वेळा केले. दहा वाजून पाच मिनिटांनी पोचलो. नियम फारच कडक आहेत.

२९ जुलै

मला न विचारता जिनेंद्रनं नोटीस देऊन टाकली! यादी लागेपर्यंत चहासुद्धा घेतला नाही. साडेदहाला यादी आली. नाव नाही. फार वाईट वाटलं. कँटीनमध्ये तीन प्लेट इडली खाल्ली.

३१ जुलै

आक्काचा फोन. म्हणाली, रोज टीव्ही लावून बसतोय आमी, तुझं नुसतं डोस्कं दिसतंय, तोंड कवा दिसायचं? गावात तिघींचे दिवस भरत आलेत. म्हणाली, येळ आली तर कुठनं न्हेऊ त्यास्नी, रुळावरनं उचलून?

मी म्हणालो, विषय उच्च पातळीवर आहे. ती म्हणाली, पातळी घाल चुलीत, उभा ऱ्हा की तू. फोन ठेवला तेव्हा तळहाताला घाम होता. दिल्लीत हवा दमट असते.

३ ऑगस्ट

बेळगावला आलो. बोलायचंच असेल तर आधी दोन्ही बाजू बांधून घ्याव्यात. भरमू आणि यल्लाप्पाला ऑफिसात बोलावलं. मध्ये टेबल, टेबलावर स्टॉपवॉच.

असं ठरलं: मराठी, कन्नड, हिंदी, तिन्ही भाषांना सारखे सेकंद. प्रत्येक भाषेत अध्यक्षांना वेगळा नमस्कार, त्या त्या मातीला वंदन आणि मतदारांचे आभार. सुरुवात कुठल्या भाषेत, यावर पाऊण तास गेला. शेवटी नाणं उडवलं, मराठी आली. यल्लाप्पानं नाणं दोन्ही बाजूंनी तपासलं.

वाचून पाहिलं, चार मिनिटं वीस सेकंद. कापायला पाहिजे होतं. भरमू म्हणाला, मराठीला हात लावशील तर बघ. यल्लाप्पा म्हणाला, अण्णा, कन्नडला तेवढं नको. गेटाच्या परिच्छेदासाठी कोणीच आलं नव्हतं. मग तोच कापला. आता एक ओळ राहिली आहे, सगळ्यात शेवटी, हिंदीत.

जिनेंद्र म्हणाला, साहेब, ती ओळ पहिली घ्या. मी म्हणालो, कुठल्या भाषेत? त्यानं स्टॉपवॉच बंद केलं. राजकारण त्याला अजून शिकायचं आहे.

७ ऑगस्ट, सकाळी १०.४०

नाव आलं. अकरावा नंबर. बूट रुमालानं पुसले. दोन वेळा पुसले.

दुपारी १२.१५

कागदाच्या मागं लिहितोय. पाचवे बोलतायत. दारापर्यंतची पावलं तीनदा मोजली. फौजेत असं कधी झालं नाही. (फौजेत राशन स्टोअरला होतो. पण स्टोअर सीमेपासून फक्त चाळीस किलोमीटरवर होतं.)

१२.३०

नववे. आडदांड खासदार आज गैरहजर आहेत. अध्यक्ष थेट दिसतायत. अध्यक्षांना मी दिसतोय.

दुपारी २

बोललो! मराठीत नमस्कार केला. कन्नडमध्ये केला. हिंदीत केला. तिन्ही मातींना वंदन झालं. आवाज खणखणीत होता, असं मला आतून वाटलं. मग म्हणालो, 'अध्यक्ष महोदय, मेरे क्षेत्र में', आणि घंटी वाजली. माईकचा दिवा माझ्याकडून गेला आणि तामिळनाडूच्या एका बाईंकडं लागला. त्या लगेच नारळाविषयी बोलू लागल्या. मी थोडा वेळ उभाच होतो. शेजारच्यांनी कोट धरून खाली बसवलं.

भरमूचा फोन आला: अभिनंदन, पण कन्नडला चार सेकंद जास्त दिलेस. मग यल्लाप्पाचा: अभिनंदन अण्णा, मराठीला आवाज मोठा लावलात. दोघंही एकाच दिवशी अभिनंदन करतात, हे सीमाभागात कधी झालं नसेल. ऐतिहासिक.

९ ऑगस्ट

अधिवेशन संपलं. आक्काचे चार फोन आले. रेंज नव्हती. मंगलनं फोनवर विचारलं, गेटाचं काय झालं म्हणून सांगू वन्संना? मी म्हणालो, रेकॉर्डवर आहे. तिनं विचारलं, काय? मी बॅग भरायला घेतली. ती आधीच भरलेली होती.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला कारवीवाडीनं बोलावलं होतं. गेलो नाही. ऑफिसच्या झेंड्यालाही कोणीतरी लागतं. आज गेटाला कुलूप पडणार. लोक इकडं चालून येतील म्हणून एजन्सीचे दोन गार्ड घरी लावले, आणि मागच्या दाराला एक.

अकरा वाजता जिनेंद्रचा फोन: गेट उघडं आहे. मी म्हणालो, नीट बघ. तो म्हणाला, साहेब, आत्ताच त्यातून आलो.

१६ ऑगस्ट

सकाळी आक्का घरी आली. गार्डनं नाव विचारलं, तर तिनं त्यालाच त्याचं नाव-गाव विचारून घेतलं आणि आत आली.

आठ तारखेला ती हुबळीला रेल्वेच्या मोठ्या साहेबांकडं गेली होती. सोबत नऊ बायका, त्यांत एक आठव्या महिन्याची. तिला साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसवलं. साहेब आंध्रचे. आक्का अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलली. साहेबांना दोन्हीतलं काही येत नव्हतं, पण आठवा महिना त्यांना कळला. बायकांनी व्हरांड्यातच भाकरीची फडकी सोडली आणि जेवायला बसल्या. चार वाजता साहेब नकाशा घेऊन बाहेर आले. भुयारी रस्त्याचा सर्व्हे लागला. रस्ता होईपर्यंत गेट चालू राहणार.

साहेबांनी विचारलं म्हणे, तुमचे खासदार कोण? आक्कानं सांगितलं, हाय एक, माझा भाऊच, भितोय बिचारा.

मी म्हणालो, कोण भितोय? मी बोललो तिथं! आक्का म्हणाली, बगितलं की टीव्हीवर. हातातला कागुद लटालटा हलत हुता रं तुझा. समदं गाव बघत हुतं. तवाच मी बायकांस्नी म्हनलं, उठा गं, हे काय व्हनार न्हाय त्याच्यानं, आपनच जाऊ.

ती जेवून गेली. नंतर मी जिनेंद्रला विचारलं, म्हणजे माझ्या भाषणामुळेच गेट वाचलं असं म्हणता येईल ना?

त्यानं आधी दार लावून घेतलं. मग म्हणाला, म्हणता येईल साहेब. फक्त कुठं म्हणू नका.