न्यानमावशींचं स्टूल

क्वी न्योन, व्हिएतनाम, रविवार

ती. आईस, लांबच्या लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे. माझ्या वर्गातली मुलं आता आपसात इंग्रजीत भांडतात, म्हणजे शिकवणं फुकट जात नाही. शाळा म्हणते, अजून एक वर्ष राहा. उद्या उत्तर द्यायचंय. पप्पांचा गुडघा कसा आहे?

खाण्याची काळजी करू नकोस. फाटकाशी न्यानमावशींची हातगाडी असते. कुरकुरीत पावात अंडं, आंबवलेलं गाजर, मिरची आणि मूठभर कोथिंबीर. त्याला बान्ह मी म्हणतात. सगळे तो कागदात गुंडाळून स्कूटरवरून निघून जातात. मी तिथेच उभी राहून खाते.

परवा मावशींनी विचारलंच, "बाई, तुम्हाला घर नाही का?"

"खोलीवर नेईपर्यंत गार होतो."

"खोली तर समोरच आहे की!"

सगळे हसले. मीही हसले.

काल त्यांनी माझ्यासाठी ठेंगणं स्टूल आणलं आणि वय विचारलं. इथे वयावरून हाक ठरते, पण मी शिक्षिका, म्हणून वर्षभरात कुणी विचारलंच नव्हतं.

"तेवीस? मग बाई कसली! बस पोरी, सावकाश खा."

मी स्टुलावर बसून पाव सावकाश संपवला. शाळेला नकाराचं पत्र लिहून ठेवलं होतं, ते रात्री फाडलं. रागावू नकोस.

हे पत्र शेजारचा बाळू तुला वाचून दाखवेल, उत्तरही तोच लिहील. पण वर माझं नाव तेवढं तुझ्या हाताने लिही, मी शिकवलं होतं तसं. इथे त्या नावाने मला कुणीच हाक मारत नाही.

तुझी,
रेवू