धाकटी वाचनालयात राहिली त्याची हकिगत

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं वाकली; उरलेली तीन वाकली असं धरून चाल). तुझा गुडघा कसा आहे? मुख्याध्यापिका निवृत्त झाली तरी शाळेची घंटा कानात वाजत राहते, असं तू म्हणायचीस. आमच्याकडे घंटाच नाही, त्यामुळे शाळा सुटतच नाही.

मुली घरीच शिकतील असं उन्हाळ्यात जाहीर केलं, तेव्हा तू बजावलं होतंस, "थंडी पडेपर्यंत धाकटी वाचायला लागली नाही, तर मी येऊन तिला हाताला धरून शाळेत नेईन." (आठ वर्षांची मुलगी दुकानांच्या पाट्या चित्रांसारख्या बघते, हे तुला खटकलं होतं.) त्यावर मी गुरुकुलपद्धतीवर पाऊण तास बोललो. ते भाषण आठवलं की आता पाणी प्यावंसं वाटतं.

हा अख्खा शरद ऋतू आमचा गाडीत गेला. घरच्या शाळेत घर सोडून सगळं आहे. सोमवारी पोहणं, मंगळवारी कुंभाराकडे माती, बुधवारी झाडांची पानं गोळा करणं (ती वाळत पडल्यामुळे जेवणाचं टेबल महिनाभर बंद आहे, आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतो), गुरुवारी थोरलीचं व्हायोलिन आणि धाकटीचं वाचनालय. मधल्या सिग्नलांना मी संस्कृत घेतो. शंभर शरद जगण्याचा आशीर्वाद ज्यांना सुचला, त्यांना मुलींना कुठे वेळेवर पोहोचवायचं नसावं.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी धाकटी बायकोबरोबर आहे असं मी समजलो, आणि बायको समजली माझ्याबरोबर. घरी येऊन आम्ही दोघं पाय पसरून बसलो. आज घर किती शांत आहे, असं कौतुकही केलं. अडीच तासांनी ग्रंथपालबाईंचा फोन आला, "तुमची एक मुलगी इथे आहे. न्यायची आहे ना?" मुलीला शाळेतून आणायला विसरणारे आईबाप असतात, स्वतःच शाळा असून मुलगी बाहेर विसरणारे आम्हीच. धावत गेलो. धाकटी कोपऱ्यात पुस्तकात नाक खुपसून बसली होती (चित्रं बघत असावी). रडणं दूरच, उलट म्हणाली, "पुढच्या गुरुवारीपण विसराल?" तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही तिला तिथे रीतसर विसरतो. तेवढाच आमचा डोळा लागतो.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा भाऊ

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्याचसाठी. थंडी पडली आहे आणि धाकटी अजून वाचत नाही. तेव्हा बोलल्याप्रमाणे ये आणि रागाव. मी थोडा विरोध करीन, गुरुकुलही काढीन. लक्ष देऊ नकोस. मीच बोलावलं हे मात्र बायकोला कळता कामा नये.

दुसरा ता. क. पत्र पानांच्या ढिगावर ठेवून पाकीट शोधायला गेलो. परत येतो तो धाकटी वरचा ता. क. आईला मोठ्यांदा वाचून दाखवत होती. 'गुरुकुल'पाशी जरा अडखळली, बाकी स्वच्छ. कुठे शिकलीस, म्हणून विचारलं.

"वाचनालयात. तिथे कुणी शिकवत नव्हतं ना!"

बायकोनं धाकटीच्या हातून पत्र काढून घेतलं. मग म्हणाली, असंच पत्र तिनं तुला सोमवारीच टाकलंय.

तेव्हा ताई, तू हरलीस. तरीही ये. विरोध करायचं त्राण आता दोघांतही नाही.