माझी टेप वर्गात दाखवणार

५ फेब्रुवारी, पहाटे ५.१०

बसचं इंजिन गरम होतंय तोवर लिहिते. वही नवी आहे. केल्सीच्या कॉलेजात सगळ्यांना रोजनिशी लिहायला लावतात. स्वतःकडे बघायला शिकायचं असतं म्हणे. मग मी काय घोडं मारलंय? शाळा नववीत सोडली, पण बावीस वर्षं शाळेची बस चालवतेय. मागे बावन्न पोरं आणि डोक्यावर एक आरसा. माणसाचं मन ओळखायला आणखी काय लागतं?

केल्सी माझी मुलगी. एकोणतीस वर्षांची. घटस्फोट झाल्यापासून परत माझ्याकडे, वरच्या खोलीत. समुपदेशक व्हायला निघालीय. मे महिन्यात शिक्षक बसून ठरवणार, ही दुसऱ्याचं दुःख ऐकायच्या लायकीची आहे का. नाही म्हणाले तर लायसन्स विसरा, दोन वर्षं पाण्यात. बसच्या लायसन्सला मी एका फटक्यात पास झाले होते.

निश्चय: तिला पास करून दाखवायचं. तिच्या एकटीच्याने होणार नाही.

९ फेब्रुवारी

केल्सी कानाला हेडफोन लावून टाइप करत बसते. सरावाच्या बैठकीत कोण काय बोललं ते शब्दन् शब्द. मध्ये कोणी गप्प बसलं तर तेही. ‘शांतता, अकरा सेकंद.’ मी म्हटलं, अकरा सेकंदांत मी दोन पोरं चढवून दार लावते. ती म्हणाली, आई, ते गुप्त असतं, वाचू नकोस. मी कुठे वाचलं? खांद्यावरून दिसलं तेवढंच.

मंगळवारी सहा जण एका खोलीत बसून एकमेकांच्या बैठकांचे व्हिडिओ बघतात. चुका काढतात. म्हटलं, मग माझ्यावर सराव कर, मी एकटी सहा जणांच्या चुका काढीन. म्हणाली, घरच्या माणसांवर चालत नाही, नियम आहे. आणि आई, प्लीज, तू यात पडू नकोस.

१४ फेब्रुवारी

निश्चय: आजपासून फक्त ऐकायचं. समोरचा बोलला की हं म्हणायचं. एवढीच तर विद्या आहे.

संध्याकाळी खिम्याचा मीटलोफ भाजला होता. जेवताना केल्सी म्हणाली, मला त्या परीक्षणाची फार भीती वाटतेय. मी म्हटलं, हं. दोनदा म्हटलं. मग म्हटलं, वाटणारच, बापावर गेलीयस, तोही दारात पोस्टमन आला तरी घामाघूम व्हायचा. ती ताट घेऊन वर गेली.

हं-मध्ये काही दम नाही.

२१ फेब्रुवारी

लॉन्ड्रीत फळ्यावर कागद: विद्यार्थ्यांना सरावासाठी माणसं हवीत, चार बैठका, फुकट. तिच्याच कॉलेजचा. आत शिरल्याशिवाय कळणार कसं तिथे काय शिकवतात ते? माहेरचं नाव लावलं, रोंडा विक. खोटं थोडंच आहे?

चार पानी फॉर्म दिला, मुंगीएवढी अक्षरं. शेवटच्या पानावर सही ठोकली. बसच्या तपासणीच्या कागदावरसुद्धा मी वाचून सही करत नाही.

२ मार्च, पहिली बैठक

छोटी खोली, दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा, कॅमेरा. दाराजवळची खुर्ची बरी वाटली म्हणून बसले. ती त्याची निघाली. उठले नाही.

तो म्हणजे गॅरेट, माझ्यावर सराव करणारा विद्यार्थी. अडतीस वर्षांचा, फावड्याएवढी दाढी, आधी फ्रिज दुरुस्त करायचा. मला मॅडम म्हणतो. विचारलं, आज इथे का यावंसं वाटलं? म्हटलं, तुमचं तुम्ही सांगा, तुमचे डोळे सुजलेत. तो म्हणाला, मॅडम, ही वेळ तुमची आहे. मी म्हटलं, असू दे हो. शेवटच्या दहा मिनिटांत सगळं बाहेर काढलं. बायको सोडून गेलीय. टिश्यू त्यालाच लागले.

याला म्हणतात हातगुण. दोन वर्षं कॉलेज कशाला?

९ मार्च, दुसरी बैठक

गॅरेट आधीच दाराजवळच्या खुर्चीत. शिकवलं की शिकतो माणूस.

म्हणाला, मागच्या वेळी माझं चुकलं, मला त्याबद्दल बोलणी बसली. मी म्हटलं, कोण ती बोलणारी? त्याच्या शिक्षिका, लिंडक्विस्टबाई. त्यांना एकदा भेटायला हवं.

११ मार्च

बसमध्ये वापरून बघितलं. पाचवीतली एक मुलगी रडत होती. बस कडेला घेतली, तिला पुढे बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, तुला आत्ता काय वाटतंय? आणखीच रडायला लागली. मागून कोणीतरी भोकाड पसरून नक्कल केली. शाळेची घंटा चुकली. डेपोतल्या डेलने लेखी ताकीद दिली. म्हणाला, रोंडा, तू फक्त रस्त्याकडे बघ.

मुलगी तयारीची नव्हती, दुसरं काय. पद्धत बरोबर होती.

१६ मार्च, तिसरी बैठक

आज ठरवलं, दुःख कसं सांगतात ते गॅरेटला दाखवायचं. केल्सीचं सांगितलं. नाव घेतलं नाही. गुप्तता मलाही कळते.

एकोणिसाव्या वर्षी मूठभर गोळ्या घेतल्या होत्या तिने. अकरा दिवस हॉस्पिटलात. मी एकदाच गेले. एक तर बसची पाळी, आणि दुसरं म्हणजे नाटकाला प्रेक्षक मिळाला की नाटक वाढतं. गॅरेटने विचारलं, त्या अकरा दिवसांत तुम्हाला काय वाटत होतं? खरं तेच सांगितलं. घर शांत होतं, बरं वाटलं. म्हटलं, आणि ही मुलगी आता लोकांची दुखणी ऐकणार! मी माझं कुत्रंसुद्धा तिच्याकडे पाठवणार नाही.

तो गप्पच बसला. मी म्हटलं, लिहा, शांतता, अकरा सेकंद. हसला नाही.

बरं सांगितलं मी. सलग, न अडखळता.

२३ मार्च, चौथी बैठक

मोठी बातमी. गॅरेट म्हणाला, मॅडम, मागच्या बैठकीत मी अडकलो, तुम्हाला काय बोलावं ते सुचेना, म्हणून ती टेप मी पुढच्या मंगळवारी गटात दाखवणार आहे. फॉर्ममध्ये तशी परवानगी तुम्ही दिलीय, तरी पुन्हा विचारतो, चालेल ना? म्हटलं, चालेल काय, दाखवाच! त्या दिवशी केस नीट बसले होते.

माझी टेप वर्गात. म्हणजे लिंडक्विस्टबाई बघणार. त्या विचारतीलच, ही बाई कोण? मग मी हळूच सांगेन, केल्सीची आई. तिच्या परीक्षणाला हातभारच.

केल्सीच्याच गटात लावतील का? छे. एवढं मोठं कॉलेज, गट काय एकच असेल?

३१ मार्च, मंगळवार

केल्सी साडेपाचला आली. रडलेली नव्हती. मीटलोफ ओव्हनमध्ये होता. म्हणाली, आई, आज तुझी टेप लावली.

मग म्हणाली, पहिल्याच मिनिटाला तुझा चेहरा दिसला. ओळखीचं माणूस असलं की उठून बाहेर जायचं असतं. मला उठताच आलं नाही. पाच जण आधी तुझ्याकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले. गॅरेटने धावत जाऊन बंद केली. तोवर ते कुत्र्याचं वाक्य येऊन गेलं होतं.

मी म्हटलं, अगं, नाव कुठे घेतलं मी?

तिने खुर्ची ओढली. टिश्यूचा डबा माझ्या हाताशी ठेवला. म्हणाली, तुला जे सांगायचंय ते सांग. पन्नास मिनिटं आहेत. मी मध्ये बोलणार नाही.

आणि खरंच नाही बोलली! पुढे झुकून, हात मांडीवर, डोळे माझ्यावर. मी सगळं सांगितलं. फॉर्मची अक्षरं बारीक होती. गॅरेट कच्चा आहे. हे सगळं तिच्या भल्यासाठीच केलं. डेलची ताकीद. तिच्या बापाचंही थोडं. मी श्वास घ्यायला थांबले की ती जरा पुढे सरकायची, काही राहिलं असेल तर येऊ दे, अशी. मी पुढचं सांगायची.

शेवटी विचारलं, आणखी काही सांगायचंय? म्हटलं, हो, मीटलोफ करपतोय.

ती म्हणाली, वेळ संपली. टेबलावर एक कागद ठेवला. तीन फोन नंबर. म्हणाली, यापुढे मला तुझं ऐकता येणार नाही, आणि ऐकता येत नसेल तर दुसऱ्या तिघा समुपदेशकांची नावं देऊन सोडायचं असतं. वर जाऊन दोन पिशव्या आणि एक खोका घेऊन आली. दाराशी थांबली. किती सेकंद ते मोजलं नाही.

काही असो, ऐकायला शिकली. कोणाकडून, ते सांगायला नको.

१९ एप्रिल

दुकानात गॅरेट दिसला. हाक मारली. टोमॅटोच्या डब्यांकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, मॅडम, तुमच्याबद्दल माझ्याकडून कोणाला काही कळणार नाही. आणि सामानाची गाडी ढकलत गेला. केल्सी कुठे राहते तेवढंच विचारायचं होतं.

निश्चय: आपण फोन करायचा नाही. तिला करू दे.

२६ एप्रिल

केला. उचलत नाही. पुन्हा केला. निरोप ठेवला, हिवाळी बूट इथे राहिलेत.

१२ मे

डेलच्या बायकोने सांगितलं, केल्सी पास झाली. मी म्हटलं, मला माहीत होतं.

दुपारी दोन फेऱ्यांच्या मध्ये बसमध्ये बसून त्या कागदावरच्या नंबरांना फोन केला. गरज म्हणून नाही. बघावं म्हणून. पहिला म्हणाला, नवीन लोक घेत नाही. दुसरा, चार महिन्यांची यादी. तिसरा म्हणजे केल्सीच्या कॉलेजचंच केंद्र, जिथे विद्यार्थी ऐकायला बसतात. बाई गोड बोलत होती. नाव, वय, काम विचारलं. या वेळी सासरचं नाव सांगितलं, रोंडा टॅलमन, छप्पन्न, बस चालवते. म्हणाली, एकच नियम आहे, तुमचं कोणी आमच्याकडे शिकत असेल तर तुम्हाला घेता येत नाही. इथे तुमचं कोणी आहे का?

म्हटलं, नाही, कोणी नाही.

तिने लगेच वेळ दिली. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरची, नऊ सप्टेंबर, साडेतीन.