शेजाराचा नकाशा

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं आत्ता, उरलेलं बरा झाल्यावर.) भावोजींचा गुडघा काय म्हणतो? तुझा खोकला गेला की अजून मुक्कामाला आहे? आमच्याकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तू विचारलंस, एवढी मोठी इमारत उभी केलीस, हौसेने स्वतःही तिथेच राहायला गेलास, आणि आता तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीस, असं का? तर ऐक. खाली दुकानं, वर घरं आणि मधोमध बाग, असा तो बेत. दुकानांमुळे वर्दळ, बागेमुळे गारवा, आणि घरं अशी की दार लावलं तर एकांत, उघडलं तर शेजार. नकाशात मी माणसंही काढली होती. (आम्ही काढतो ती माणसं सगळी सडपातळ असतात, कुणाच्या हातात पिशवी नसते आणि कुणाचं कुणाशी वाकडं नसतं.) प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी मी सामाईक गॅलरीत उघडली, का तर येता-जाता विचारपूस व्हावी. लोक राहायला आले आणि सामान लागायच्या आधी खिडक्यांना कागद लागले. पहिला कागद कुणी चिकटवला म्हणतेस? तुझ्या भावजयीने. मी म्हटलं, "अगं, ही इमारत माझी आहे." ती म्हणाली, "आणि हे स्वयंपाकघर माझं. मी मीठ चाखते तेव्हा बाहेरून चार माणसं माझ्या तोंडाकडे बघतात."

बागेचं म्हणशील, तर मुलं पळाली की गवत मरतं असा शोध आमच्या अध्यक्षांना लागला. (निवृत्त मुख्याध्यापक आहेत. मुलं पळताना दिसली की त्यांना अजून शिट्टी वाजवावीशी वाटते.) त्यांनी फाटकाला कुलूप घातलं आणि पाटी लावली, 'बाग पाहण्यासाठी आहे'. आता बाग पाहायची खिडकीतून, आणि खिडकीला कागद. त्यामुळे गवत फार छान आलं आहे असं माळी सांगतो.

मग सभेत मागणी आली, आम्हाला खाजगीपणा द्या. मी दुखावलो होतोच, म्हटलं देतो. गॅलरीत दोन दारांच्या मधे जमिनीपासून छतापर्यंत लाकडी पडदे घातले. दारातून निघून जिन्यापर्यंत जा, वाटेत एक तोंड दिसणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ताई. माझ्या कामाला आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

एकट्या घड्याळवाल्या काकांनी नाही वाजवल्या. आमच्या पलीकडचं, टोकाचं घर त्यांचं. आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं, मागेपुढे कुणी नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "किती वाजले?" स्वतःच्या मनगटावर घड्याळ असून. म्हणायचे, माझं बरोबर चालतंय ना, ते बघतो. पडद्याचं कळल्यावर मला म्हणाले, "अरे, मला कुणी बघितलं तर माझं काय झिजतंय? बघू दे की." मी त्यांना नकाशा उलगडून हवा कशी खेळेल, उजेड कसा येईल ते समजावलं. भिडस्त माणूस. "बरं बाबा," म्हणाले आणि खुर्ची आत घेऊन गेले.

त्यानंतर एका सकाळी खालचा बेकरीवाला कोपरापर्यंत पीठ माखलेल्या हातांनी माझ्या दारात. "साहेब, तुमची इमारत माझ्या पिठात गळतेय!" आता माझ्या पाइपांना कुणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं, तुला माहीतच आहे. मी म्हटलं, तुम्हीच छताला खिळे ठोकले असतील. तो म्हणाला, मी पाव छताला टांगत नाही. असे आम्ही तावातावाने भांडत गॅलरीच्या टोकाला पोहोचलो. काकांच्या दाराखालून पाणी येत होतं. मी तिथे उभा राहूनही त्याला उताराचं गणित सांगत होतो. दार ठोठावलं, पुन्हा ठोठावलं. मग बेकरीवाल्याने मला बाजूला सारलं आणि खांद्याने दार मोडलं.

काका न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडले होते, आत नळ चालू. डोळे उघडे होते. आमच्याकडे बघून ओठ हलवले. मी वाकलो, तर म्हणाले, "किती वाजले?" बेकरीवाला पाण्यात फतकल मारून बसला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "आठ वाजलेत, काका. तुमचं बरोबर चाललंय." दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कालपासून पडून असावेत. दुपारीच गेले.

शोकसभेला सगळे आले. निम्मे एकमेकांना विचारत होते, तुम्ही कुठल्या मजल्यावर? पडदे काढायलाच हवेत यावर एकमत झालं. शेजाऱ्याने आपला काढावा यावरही झालं. काकांच्या स्मरणार्थ बागेत बाक ठेवायचं ठरलं आहे. कुलूप राहणार, नाहीतर लोक बसून बाक खराब करतील. मी करवत घेऊन काकांचा आणि आमचा पडदा कापला. मधेच सचिव आले. "मंजूर नकाशात असा बदल करता येत नाही. रीतसर अर्ज द्या," मलाच म्हणाले. मी कापत राहिलो.

असो. फार लांबलं. भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. उत्तर सवडीने दिलंस तरी चालेल.

तुझा,
धाकटा

ता. क. सवडीने नको. लगेच दे.

ता. क. दुसरा. पत्र खरं हिच्यासाठी आहे. आमची आणि काकांची एक भिंत सामाईक आहे. ते पडले त्या दिवशी ही मला म्हणाली होती, "पलीकडून कुणीतरी ठोकतंय का हो?" मी पेपर वाचत होतो. हसून म्हटलं, "खाली कणीक मळायचं यंत्र चालू असेल. ही भिंत दुहेरी आहे, मधे पोकळी. पलीकडचा आवाज इकडे येऊच शकत नाही." भिंत मीच आखलेली, म्हणून तिने विश्वास ठेवला. मला ती अजून एका शब्दाने बोललेली नाही. येता-जाता भिंतीला कान लावते आणि उभी राहते, बस. तिला थोडे दिवस तुझ्याकडे ने. तुझ्या घराला मी नावं ठेवली होती, या खोलीतलं त्या खोलीत ऐकू येतं म्हणून. तिला मधल्या खोलीत झोपव. तिने हाक मारली तर ओ द्या. मला बोलवायचं की नाही, ते तिला ठरवू दे.