एकट्या पुरुष रुग्णास आत सोडणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : स्त्री आरोग्य विभागातील फिजिओथेरपी कक्षात, सोबत कोणी महिला नसतानाही अर्जदारास प्रवेश मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा पहिला अर्ज व त्यावर आलेले "महिला नातेवाईक सोबत आणल्यास हरकत नाही" हे आपले उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार बंदरावर क्रेनचालक आहे. पहिला अर्ज 'मी', 'मला' असा लिहिला होता. आवक खिडकीवरच्या कारकुनांनी तो वाचून सल्ला दिला, "एवढं रडगाणं नको हो. अर्जदार म्हणा, कागद सरकतो तरी." त्याप्रमाणे या वेळी बदल केला आहे. शिवाय दुखणे असे आहे की ते अर्जदाराचे म्हणून लिहिले की हात जरा कमी अडखळतो.

१. क्रेनची केबिन उंचावर असते. चढलेला माणूस लघवीसाठी उतरला की ट्रकवाले, हमाल आणि मुकादम सगळे तोंड वर करून त्याची वाट बघत राहतात. म्हणून अर्जदार उतरत नसे, दाबून धरत असे. पुढे धरण्यासारखे काही नसतानाही अंग धरूनच राहू लागले. ओटीपोटाच्या तळाशी, माणूस ज्या जागेवर बसतो तिथे, निखाऱ्यावर बसल्यासारखे होते. लघवीला जळजळ होते आणि तपासणीत काही निघत नाही. मोबाईलवर पाहून अर्जदाराने तिथले स्नायू आवळण्याचे व्यायाम मन लावून केले. ते आगीत तेल ओतल्यासारखे झाले.

२. शेवटी मूत्ररोगाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवले. या दुखण्याचे काम करणाऱ्या त्या एकट्याच, आणि त्यांची खोली स्त्री आरोग्य विभागात. दारावरच्या रक्षक बाईंनी विचारले, "पेशंट कुठंय?" अर्जदाराने स्वतःकडे बोट दाखवले. "अहो, तुमच्याबरोबरची बाई कुठंय? नुसत्या पुरुषाला सोडत नाही आम्ही. पाटी वाचा." पाटीवर खरोखरच तसे लिहिले आहे. रक्षक बाईंची यात काही चूक नाही.

३. अर्जदार परत फिरणार, इतक्यात रांगेतल्या एका वयस्क बाईंनी, ज्यांना तिथे सगळ्या ताई म्हणतात, त्याचा दंड धरला. "चल रे, किती वेळ लावतोस," म्हणाल्या, आणि रक्षक बाईंना, "माझा धाकटा भाऊ आहे. जरा बावळट आहे." त्या दिवसापासून अर्जदार दर खेपेला ताईंचा भाऊ म्हणून आत गेला. याबद्दल काही ठपका असेल तर तो अर्जदारावर ठेवावा, ताईंवर नको.

ताईंचे दुखणे उलटे. त्यांचे तेच स्नायू सैल पडले होते, शिंक आली की पंचाईत. बाकावर बसल्या बसल्या सर्वांदेखत म्हणाल्या, "तुझं आवळलंय, माझं सुटलंय. दोघांचं मिळून एक धड माणूस होईल." सगळा बाक हसला. अर्जदारही हसला. एक बाळंतीण मुलगी त्याला सरकून जागा देई. शिवणकाम करणाऱ्या एकीने मध्ये भोक असलेली उशी शिवून दिली, ती घरी अद्याप वापरात आहे. पुरुष म्हणून त्या बाकावर कोणाची हरकत नव्हती, हे आवश्यक वाटल्यास त्या बायकांना विचारून खात्री करून घ्यावी.

४. थेरपिस्ट बाईंनी उताणे झोपवून, गुडघे वर घेऊन, श्वास पोटाच्या तळापर्यंत न्यायला शिकवले. "आवळायचं तुम्हाला झकास येतंय. सोडायला शिका," म्हणाल्या. हातमोजा घालून दुखऱ्या जागा दाबून सैल केल्या, तेही दर वेळी आधी सांगून आणि विचारून. एकदा ती जागा सैल पडताच अर्जदाराला रडू कोसळले. बाई म्हणाल्या, "होतं असं. घाई नाही आपल्याला." त्यानंतर अर्जदार केबिनमध्ये अख्खी पाळी बसू लागला.

५. मग ताई बऱ्या झाल्या. याचा अर्जदारास मनापासून आनंद आहे व त्याबाबत त्याची कोणतीही तक्रार नाही. जाताना त्या रक्षक बाईंना सांगून गेल्या, "माझ्या भावाला सोडत जा गं." पुढच्या खेपेला अर्जदाराने ही आठवण करून दिली. रक्षक बाई म्हणाल्या, "त्या येत नाहीत आता. मग तुम्ही कुणाचे?"  अर्जदाराने केसपेपरची घडी करून खिशात ठेवली आणि तो घरी गेला.

६. आपल्या पत्रानुसार महिला नातेवाईक शोधण्यात आल्या. पत्नी हयात नाही. मुलगी नाही, सख्खी बहीण नव्हतीच. भावजयीकडे जाऊन आला. विषय काढायचा म्हणून दोनदा चहा घेतला. भावजय म्हणाल्या, "भाऊजी, असं अवघडून काय बसलाय? नीट बसा की." अर्जदार नीट बसला आणि थोड्या वेळाने निघून आला. ताईंचा पत्ता जवळ नाही. रक्षक बाईंच्या देखत बहिणीला तिचा पत्ता कोणत्या तोंडाने विचारणार होता?

७. दुखणे परत आले आहे. सध्या अर्जदार उभ्याने क्रेन चालवतो. उभ्याने क्रेनचा खाली लोंबणारा, माल उचलायचा आकडा नीट दिसत नाही, आणि खाली माणसे वावरतात. मुकादमांच्या लक्षात आले तर ते अर्जदाराला उतरवतील व ते योग्यच होईल. सबब, कार्यालयास सोयीची कोणतीही अट मान्य आहे. सगळ्या बायका गेल्यावर बोलवावे. धोबीखान्याच्या मागच्या दाराने न्यावे. मान खाली घालून यायला सांगावे. तेही बसत नसेल तर ऑक्सिजनच्या सिलिंडरांच्या हातगाडीवर, सामान म्हणून आत न्यावे. ती गाडी अर्जदाराच्या डोळ्यांदेखत आत जाते, आणि तिला कोणी कुणाची म्हणून विचारत नाही.

८. कारकुनांची क्षमा मागून एक गोष्ट नमूद करण्यात येते. अर्जदाराला उपचार हवाच आहे, पण त्या बाकावरची जागाही हवी आहे. बाहेर कोणी विचारले तर 'कंबर धरलीय' असे सांगावे लागते. तिथे खरे सांगता येत होते. घरी गेल्यावर आता दिवसभरात कोणाशी काही बोलणे होत नाही.

तरी अर्जदारास रुग्ण म्हणून, त्याच्या स्वतःच्या केसपेपरवर, आत सोडण्याचे आदेश व्हावेत ही विनंती. ते नियमात बसतच नसेल, तर ताईंचा पत्ता आपल्या दप्तरी असेल. तो अर्जदारास देऊ नये. फक्त त्या पत्त्यावर दोन ओळी कळवाव्यात की, भाऊ दाराशी उभा आहे.

उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
अर्जदार
(सही)

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१. मूत्ररोग डॉक्टरांची चिठ्ठी
२. आपल्या उत्तराची प्रत
३. महिला नातेवाईक : निरंक